झाडाचं दार

सुताराच्या स्वतःच्या घराला दार नव्हतं. जंगलाच्या कडेच्या त्या वस्तीत एकूण एक घराला, अगदी कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा, त्याने दारं बसवली होती. पण त्याच्या घराच्या चौकटीत गेली सात वर्षं एक चादर लोंबत होती. दर सोमवारी चादर धुवायला जाई आणि घर उघडं पडे. गेल्या सोमवारी एक अस्वल आत शिरलं, मधाची बरणी चाटूनपुसून साफ केली आणि सुताराच्या बायकोच्या अंथरुणावर दुपारची झोप काढून गेलं.

"येत्या सोमवारच्या आत दार लागलं नाही ना," बायको म्हणाली, "तर दार असलेलं घर माझं मी शोधीन. मग बसा तुम्ही आणि तुमचं ते अस्वल!"

"माझं कुठलं अस्वल?"

"मग माझं का? मी आमंत्रण दिलं होतं त्याला?"

बायको शब्दाची पक्की होती. तिच्याशिवाय त्या घरात राहायची नुसती कल्पनाही सुताराला सहन होईना. काय वाट्टेल ते होवो, या आठवड्यात दार लावायचंच, असा त्याने चंग बांधला आणि कुऱ्हाड उचलली.

वस्तीचा एक रिवाज होता. झाड तोडण्याआधी कुऱ्हाडीच्या दांड्याने बुंध्यावर तीनदा ठोकायचं, "कुणी आहे का?" असं विचारायचं, शंभर आकडे मोजायचे आणि मगच घाव घालायचा. पिढ्यान्‌पिढ्या सगळे इमानेइतबारे विचारत आले होते. उत्तर कधी कुणाला आलं नव्हतं, त्यामुळे आलंच तर काय करायचं हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं.

सुताराने ओढ्याकाठचं एक जाडजूड झाड निवडलं. ठोकलं, विचारलं. सतरापर्यंत मोजून होतंय तोच आतून बाईमाणसाचा आवाज आला, "कोण आहे?"

"मी. सुतार."

"मालक घरी नाहीत. उद्या या."

दुसरा कुणी असता तर किंचाळत वस्तीत पळाला असता. सुतार भिडस्त. "बरं," म्हणाला आणि घरी आला. बुधवारी मालक जेवायला बसले होते. गुरुवारी त्यांचा नुकताच डोळा लागला होता. शेवटी त्याने जंगलाच्या रखवालदाराला गाठलं.

"दुसरं झाड घेऊ का?"

"छे! एकदा बोलणं सुरू झाल्यावर असं मध्येच उठून जाणं बरं दिसतं का?" रखवालदार म्हणाला.

शुक्रवारी सुताराने झाडासमोर बैठकच मारली. "मालक येईपर्यंत मी हलणार नाही!"

 आतून आवाज आला, "मालक नाहीतच हो. मी एकटीच असते. दार नाही, येईल तो भिंत बडवतो. म्हणून तसं सांगितलं."

सुतार बुंध्याच्या मागच्या बाजूला गेला. माणूस वाकून जाईल एवढी ढोली होती आणि तिच्यावर शेवाळाचा पडदा लोंबत होता. त्याला आपली चादर आठवली आणि अगदी ओशाळल्यासारखं झालं.

"शेजारचं वाळकं झाड रिकामं आहे," बाई म्हणाल्या. "ते खुशाल न्या. पण आधी माझं दार करून द्या."

"दिलं!" सुतार म्हणाला. एवढ्या मोठ्या झाडात दोन दारं सहज निघतील असा त्याचा हिशेब होता. झाड पाडल्यावर कळलं, की आतून वाळवीने पार पोखरलंय. खटपट करून जेमतेम एका दाराचं लाकूड निघालं. सुतार डोकं धरून बसला. पण शब्द दिला होता. रविवारी संध्याकाळपर्यंत राबून त्याने ढोलीला दार बसवलं आणि हात हलवत घरी आला.

"झाडाला दार?" बायकोने सगळं ऐकून घेतलं. आता भांडी उडणार म्हणून सुतार सरकून बसला. पण ती शांतपणे म्हणाली, "आतून कडी आहे?"

"आहे."

"घट्ट बसते?"

"माझ्या हातची आहे!" असं म्हणताना त्याची छाती जरा फुगलीच.

सोमवारी तो ओढ्यावरून आंघोळ करून आला, तर चादर दोरीवर वाळत होती. बायको नव्हती, तिची ट्रंक नव्हती. उंबरठ्यावर अस्वल बसलं होतं आणि त्याने सुताराला आत जायला थोडी जागा करून दिली.

सुतार धावत झाडापाशी गेला. आतून दोन बायकांचं खिदळणं ऐकू येत होतं. त्याने तीनदा ठोकलं. खिदळणं थांबलं.

"कोण आहे?" आवाज बायकोचा होता.

"अगं, मी!"

"मालक घरी नाहीत," बायको म्हणाली. "उद्या या."

सुताराने दार ढकलून पाहिलं. आतली कडी तसूभर हलली नाही. मग त्याने काल तिथेच राहिलेली कुऱ्हाड उचलली, पलीकडच्या झाडावर तीनदा ठोकलं, "कुणी आहे का?" असं पुटपुटल्यासारखं केलं आणि शंभरपर्यंत मोजायला लागला. या वेळी जरा भरभर.