चकती कुठनं घालायची?

गौरीला बघायला नांदेडची मंडळी आली, तेव्हा मन्मथअप्पांनी मुलाला पगार विचारला नाही. शेती विचारली नाही, घर स्वतःचं की भाड्याचं तेही नाही. पोहे झाले, चहा झाला, आणि अप्पांनी कपबशी खाली ठेवून एकदम गंभीर आवाजात विचारलं, "पाव्हणं, खेळाचं मशीन हाय का तुमच्या घरी?"

मुलगा गांगरला. "आहे की. टीव्हीला जोडायचं."

"चकती आत बसती, का बाहेरून डबडं जोडलंय?"

"आत बसते."

"निळी चकती?"

"हो, निळीच. ब्लू-रे."

अप्पा माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, पोरगं चांगलं हाय." मुलाचे वडील हातात पत्रिका धरून तसेच बसले होते. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मी म्हणजे समोरच्या घरातली कुलकर्णीबाई. जन्मभर गणित शिकवलं, आता निवृत्त आहे, पण दुसऱ्याच्या चुका काढायची खोड काही गेलेली नाही. अप्पांची लेक गौरी शाळेत असतानाच तिची आई गेली, त्यामुळे बघण्याच्या कार्यक्रमात बाईमाणूस म्हणून मला बसवलेलं. मी काय बोलणार, कपाळ! पाहुणे गेल्यावर मात्र झाडलं चांगलं. "अहो अप्पा, मुलगी द्यायची आहे, का दुकान लावायचंय?"

"बाई, तुमाला न्हाई कळायचं," अप्पा म्हणाले. "लढाई खेळाची नसती. चकतीची असती."

हे वाक्य लातुरात आमच्या गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा पाठ आहे.

अप्पांचं गोलाईच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. कपाळाला भस्म, पांढरा सदरा, आणि खिशात कायम एक मऊ फडकं. लोक चष्मा पुसायला ठेवतात, अप्पा चकती पुसायला. त्यांना खेळांच्या यंत्रांचा इतिहास तोंडपाठ, पण तो भांडेवाल्याच्या हिशेबाने. "हे बघा बाई. एका कंपनीनं म्हनलं, आमी खेळ मशीनात खोचायच्या डबीत घालू. दुसरीनं म्हनलं, आमी चकतीत घालू. डबी महाग, आत मावायचं कमी. चकती स्वस्त, मावायचं लई. मग खेळ करणारे कुणाकडं जातील? भांडं मोठं असलं की आचारी आपोआप येतो!" असं म्हणून गिऱ्हाइकाच्या हातातलं लहान पातेलं काढून घ्यायचे आणि मोठं ठेवायचे. गिऱ्हाईक बिचारं दूध तापवायला पातेलं न्यायला आलेलं असायचं.

पहिलं यंत्र त्यांच्याकडे बायको गेल्यावर आलं. घर मुकं झालं होतं, पोरगी कोपरा धरून बसायची. कुणीतरी हैदराबादेहून यंत्र आणि मोटारींच्या शर्यतीची एक सीडी आणून दिली. गौरी पहिल्यांदा हसली ती त्या मोटारी बघून. अप्पांना इतका आनंद झाला की ते सीडी उचलून थेट दुकानात घेऊन गेले.

आता आपल्याकडे नवीन भांडं आलं की त्यावर नाव घालतात. लग्नकार्यात शेजारी गेलेलं भांडं नावावरूनच घरी येतं. अप्पांच्या दुकानात त्याचं मशीन आहे, टर्र टर्र करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटवतं. अप्पांनी त्या मशीनने सीडीच्या रंगीत बाजूवर, छान वळणदार अक्षरात, 'चि. गौरी' असं घातलं.

सीडी मेली. जागच्या जागी मेली.

गौरी रडली ती आमच्या घरापर्यंत ऐकू आली. मी गेले तर अप्पा पडलेल्या चेहऱ्याने चकती उलटीसुलटी करत बसलेले. "बाई, आपन तर वरच्या अंगानं नाव घातलं. वाचतंय तर ते खालून." मला तरी काय माहीत! पुढे कितीतरी वर्षांनी जावयांनी सांगितलं, की सीडीत सगळा माल त्या रंगाच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो मधोमध असतो, आणि निळ्या चकतीत अगदी तळाला, म्हणून वरून जरा खरवडलं तरी तिचं बिघडत नाही.

अप्पांचा चेहरा उजळला. "म्हंजे नाव घालायला कंपनीनं जागा सोडली म्हना की!"

मी कपाळाला हात लावला. पण डीव्हीडी आली तेव्हा अप्पांनी पुन्हा नाव घातलं होतं, जरा हलक्या हाताने, आणि ती चालली होती हे खरं. डीव्हीडीच्या त्या दुसऱ्या यंत्रात खेळही चालायचे आणि सिनेमाही. गल्लीत डीव्हीडीचं वेगळं यंत्र कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे लग्नाची डीव्हीडी हातात आली की जो तो अप्पांच्या घरी. आमच्या ह्यांच्या पुतण्याचं लग्न मी तिथेच बघितलं. अप्पांनी चिवडा वाटला, आणि नवरी मांडवात येत असताना मधेच उठून म्हणाले, "बघा. मशीन खेळाचं, पण सिनेमा दाखवायलंय. म्हनून लोक घेऊन राहिले. खेळ राहिला बाजूला!" वरमाला राहिली ती राहिलीच.

मग आलं मेव्हण्याचं प्रकरण. अप्पांचे मेव्हणे उदगीरचे, आडत दुकानवाले, अप्पांपेक्षा हट्टी. त्यांनी दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेतलं. त्यात खेळाला जुनीच डीव्हीडी, आणि नव्या झकपक सिनेमांच्या चकतीसाठी बाहेरून जोडायचं वेगळं डबडं. अप्पांच्या नव्या यंत्रात निळी चकती आतच. झालं! दोघांचं बोलणं बंद. सणाला फोन यायचा तोही मला. "बाई, भावजींना सांगा, यंत्रं आमच्या कंपनीचीबी लई खपायलीत." मी निरोप द्यायची. अप्पा म्हणायचे, "त्यांना विचारा, एका खेळाला चार-चार चकत्या का लागायल्यात? आमच्यात एकाच ताटात जेवण होतंय." मी काय यांचा पोस्टमन?

शेवटी त्या बाहेरच्या डबड्याची चकती बंद पडली. कंपनीने हात टेकले. त्या दिवशी अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं गौरीचं ठरलं. पुढच्या यंत्रात मेव्हण्यांच्या कंपनीनेही निळीच चकती घातली, तेव्हा अप्पा स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन उदगीरला गेले. मेव्हणे पेढा तोंडात टाकून म्हणाले, "चकती तुमची जितली, पण पेढा उदगीरचाच बरा." तेव्हापासून दोघांचं बरं चाललंय.

तर अशा माणसाने निळ्या चकतीवर जावई पसंत केला यात नवल नाही. लग्नात गौरीला भांडी दिली, प्रत्येकावर नाव. आणि वर मोटारींच्या शर्यतीचा एक नवा खेळ, त्याच्यावरही नाव.

लग्नानंतर अप्पांनी एक नियम काढला. बाप-लेकीत खेळ एकच घ्यायचा. गौरीने खेळायचा, मग लातूरला आणून द्यायचा. अप्पांचा खेळून झाला की तिने येऊन घेऊन जायचा. आणि चकतीची डबी रिकाम्या हाताने द्यायची नाही. शेजारचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, तसंच. गौरी येताना डबीसोबत नांदेडहून काहीबाही आणायची, अप्पा जाताना शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायचे.

"अप्पा, एस्टीच्या कंडक्टरकडे देते की," ती फोनवर म्हणायची.

"चकतीला धक्का लागतो. हाताहातानं आण."

हा माणूस काचेचे डिनर सेट ट्रकमध्ये एकावर एक रचून पाठवतो. पण चकतीला धक्का लागतो!

एकदा मी सहज डोकावले तर अप्पा खेळत होते. मोटार सुटली, पहिलं वळण आलं, आणि मोटार सरळ जाऊन भिंतीवर आपटली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा भिंत. "अहो, वळवा की!" मी ओरडले. "वळायलंय कुटं बाई," अप्पा म्हणाले. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्या वळणापलीकडे गेलेला नाही! आणि तेवढ्यात फोन उचलून गौरीला म्हणाले, "गौरे, खेळ संपला बघ. लई झकास होता. ये, घेऊन जा."

चुका काढायची खोड असली तरी सगळ्याच काढायच्या नसतात.

आणि मग या वर्षी जावयांना जर्मनीत नोकरी लागली. दोघंही निघणार. गौरी निरोप घ्यायला आली ती एक मोठं पांढरं खोकं घेऊन. मला हाक मारली, "काकू, या ना, अप्पांना नवीन मशीन आणलंय." मी पदर सावरत पोचले तेव्हा अप्पा त्या यंत्राभोवती फिरत होते. पुढून बघितलं, मागून बघितलं, उलटं करून बघितलं.

"चकती कुठनं घालायची?"

"घालायचीच नाही अप्पा. आता सगळं ऑनलाइन, लाइनवर. मोटारींचा खेळ आत भरूनच आणलाय. मी तिकडं, तुमी इकडं, एकाच वेळी खेळायचं. न्यायची-आणायची कटकटच न्हाई."

"कटकट," अप्पा म्हणाले.

"तसं न्हाई हो…"

"ह्याला तोंडच न्हाई. तोंड नसलेल्याला खाऊ काय घालायचं? नाव कुटं घालायचं? कुणाला उसनं द्यायचं न्हाई, कुणाकडून माघारी यायचं न्हाई. कंपनीनं चकती काढली, पैसे वाचवले. लोकांचं येनंजानं काढलं, ते न्हाई बघितलं." असं म्हणून पायात चप्पल सरकवली आणि दुकानात निघून गेले. गौरी खोक्याशेजारी तशीच बसली. "काकू, मला वाटलं खूश होतील. तिथून रोज दिसेन, बोलेन म्हणून आणलं," म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. मला अप्पांचा इतका राग आला की विचारू नका. आणि त्यांची इतकी दया आली की तीही विचारू नका.

निघायचा दिवस आला. गाडी दारात. नांदेडला सासरी थांबून पुढे हैदराबादचं विमान. मी गौरीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ओटी भरून झाल्यावर अप्पा पुढे आले, खिशातलं फडकं काढलं, त्यात गुंडाळलेली चकती तिच्या ओटीत ठेवली. मोटारींचीच, लग्नात दिलेली. नाव दिसत होतं, चि. गौरी.

"आणि डबी?" गौरीने विचारलं.

"डबी राहू दे हितंच."

"अप्पा, तिकडं आमच्याकडंबी बिनचकतीचंच मशीन असणार. ही तिथं चालायची न्हाई."

"चालवायला कोण सांगायलंय?" अप्पा म्हणाले. "माघारी आणून द्यायला दिलीय. हाताहातानं."

गौरी त्यांच्या गळ्यात पडली. जावईबापू उगाच गाडीचं टायर बघायला लागले. मी? मी पदराने डोळे पुसत होते, त्यात लाज कसली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. अप्पा आत गेले. मला वाटलं आता दार लावून बसतील, म्हणून मीही मागोमाग गेले. टीव्हीखाली ती रिकामी निळी डबी ठेवली होती. रिकामी ठेवू नये म्हणून आत एक हळकुंड. आणि अप्पा पांढऱ्या यंत्रासमोर मांडी घालून बसले होते, हातात वायरी.

"बाई, हे चालू कसं करायचं हो?"

"आता कशाला?"

"लाइनवर येती म्हनली ना."

"अहो अप्पा, पोरगी अजून चाकूरलासुद्धा पोचली नसेल! जर्मनी कुठे राहिली!"

"राहू द्या," अप्पा म्हणाले. "आपन चालू करून बसू."

मी चष्मा लावला, वायर टोचली, बटन दाबलं. मोटारी आल्या. मग मीही बसले.