फ्रेममामा कोर्स निवडतात

चित्रकलेतलं तुम्हाला काय कळतं, असं फ्रेममामांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारायला तोंड उघडेपर्यंत मामांनी सांगायला सुरुवात केलेली असे!

मामांचं फ्रेमचं दुकान होतं. लाकडाच्या पट्ट्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच बसवायची, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण फ्रेम करता करता आतलं चित्रही आपणच काढलं, अशी त्यांची हळूहळू समजूत झाली होती.

म्हणूनच ताईने, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, लेकीचा प्रश्न त्यांच्यापुढे आणून टाकला.

"पोरीला शाळेत चित्रकलेची शिक्षिका व्हायचंय. दोन ठिकाणी शिकवतात म्हणे, आणि प्रवेशाचा आज शेवटचा दिवस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू बघून ये. तू हो म्हणालास तर शिकू दे. नाहीतर माझ्या जावेच्या ऑफिसात खुर्ची रिकामी आहे, सोमवारपासून आकडे भरत बसेल."

"मामा, मी दोन्हीकडे चौकशी केलीय," भाची म्हणाली. "मला त्यातलं—"

"चौकशी! अगं, चित्राची नुसती मागची बाजू बघून मी पुढचं सांगतो. कोर्स म्हणजे काय मोठं? चल, घाल चपला!"

"पण मामा, ऐक ना—"

मामा जिना उतरूनही गेले होते.

पहिली संस्था काचेची होती. दार काचेचं, भिंती काचेच्या, स्वागतकक्षातल्या बाईंचं हसूसुद्धा काचेचं. फरशी इतकी लख्ख, की मामांना आपलं टक्कल दोनदा दिसलं. भिंतीवर चित्रं टांगलेली. प्रत्येकात दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि एक झोपडी. एका साच्यातून काढलेल्या विटांसारखी सगळी!

पण मामा डोंगर कशाला बघतील? त्यांनी एका फ्रेमच्या कोपऱ्यावरून नख फिरवलं आणि त्यांचा श्वास अडकला.

"फट नाही! बघ, जराही फट नाही! असा कोपरा जुळवणारी माणसं कमी शिकवतील होय?"

एवढ्यात टाय लावलेले संचालक आले. "आमचा विद्यार्थी शिक्षक जमिनीवर रंगाचा एकही थेंब न सांडता चित्रकला शिकवू शकतो," त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि वर्ग दाखवायला नेलं. आत मोठमोठे बाप्ये आणि बाया बाकांवर बसल्या होत्या. एक मिशीवाला करंगळी वर करून "बाई, मी जाऊ?" म्हणत होता.

"हे काय चाललंय?" भाचीने विचारलं.

"पाठाचा सराव. आज ते दुसरीचा वर्ग झालेत."

"आणि खरी मुलं?"

"मुलं?" संचालकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने वर्गात बकरी मागितली. "हा शिक्षकांचा कोर्स आहे. मुलांचं इथे काय काम? मुलं आली की शिस्त बिघडते."

"अगदी बरोबर!" मामा म्हणाले. "ठरलं! हाच कोर्स!"

"मामा, निदान दुसरा तरी बघ. आईला काय सांगशील? न बघताच ठरवलं?"

हे मात्र मामांना लागलं. पारखी माणूस दुसरा माल बघितल्याशिवाय पहिला घेत नाही, हे तत्त्व त्यांनीच तर आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं!

दुसऱ्या संस्थेत शिरताच ओल्या रंगाचा आणि खळीचा वास आला. हात धुवायच्या बेसिनवर इतके रंग चढले होते, की त्याचा मूळ रंग देवालाच ठाऊक. आणि चित्रं? वर्गभर दोऱ्या बांधून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लटकवलेली! ओली, गळणारी, एकही सरळ नाही!

"फ्रेम नाही! एकालाही फ्रेम नाही!" मामा कळवळले.

मुख्य बाई पुढे आल्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, पदराला निळा डाग. "आमच्याकडे मुलाखत नसते," त्या भाचीला म्हणाल्या. "शेजारच्या शाळेतली मुलं आलीत. एक तास घ्या. जमलं तर प्रवेश. समोर माणूस बसवून चित्र काढून घ्यायचंय, पण एरवी बसणारा आमचा पहारेकरी आज आजारी आहे..." त्यांनी मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही बसाल? चेहरा चांगला ठसठशीत आहे."

मामा क्षणात विरघळले! टेबलावर स्टूल, स्टुलावर मामा, अशी स्थापना झाली.

"अट एकच," बाई म्हणाल्या. "हलायचं नाही आणि बोलायचं नाही."

"छे छे! बोलतोय कोण? मी तर मुळातच कमी बोलतो. लहानपणापासून माझा स्वभाव—"

"मामा, ती मागची दोरी—" भाची म्हणाली.

"तू तुझा वर्ग सांभाळ गं!"

वर्ग सुरू झाला. पोरांनी मान वाकडी करकरून मामांना बघायला सुरुवात केली. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मला नाक येत नाही."

"मग नाक नको काढूस," भाची तिच्याजवळ उकिडवी बसली. "नाकाखाली काळं काय दिसतंय तेवढंच काढ." मुलीने सावली काढली आणि नाक आपोआप उगवलं! ती स्वतःच्याच कागदाकडे चोराकडे बघावं तशी बघत राहिली. कोपऱ्यात बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून काहीतरी टिपलं.

मामांना यातलं काही दिसलं नाही. त्यांचं लक्ष डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसणाऱ्या एका चित्रावर खिळलं होतं. त्याचा एक चिमटा सुटला होता. चित्र तिरकं लटकत होतं.

तिरकं! उभ्या आयुष्यात मामांनी तिरकं चित्र सहन केलं नव्हतं. लोकांच्या घरी गेल्यावर ते पाणी प्यायच्या आधी भिंतीवरचे फोटो सरळ करत. त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. त्यांनी हात अर्धा इंच हलवला.

"हलू नका!" सगळा वर्ग ओरडला.

"मामा!" भाचीने डोळे वटारले.

मामांनी दात आवळले. कानशिलं तापली. चित्र आणखी थोडं तिरकं झालं. "मामा, मागे हात नेऊ नकोस, ती दोरी..." भाची सांगत होती, पण उशीर झाला होता. मामा झेपावले!

चित्राबरोबर दोरी आली. दोरीबरोबर खुंटी आली. पाठोपाठ ओल्या चित्रांची अख्खी रांग मामांवर कोसळली, खिडकीतलं निळ्या पाण्याचं घमेलं डोक्यावर पालथं झालं आणि मामा स्टुलावरून टेबलावर बसते झाले. नाकाच्या शेंड्याला एक चिमटा लटकत होता.

बाईंची पेन्सिल हवेत. परीक्षा तर गेलीच!

भाचीने एक खोल श्वास घेतला. "नवा कागद घ्या," ती मुलांना म्हणाली. "आता समोर जे दिसतंय ना, ते काढा. आणि मामा, खबरदार हललास तर!"

असा हुकूम मामांना कुणी कधी दिला नव्हता. धक्क्याने ते खरोखरच गप्प बसले. एवढं मन लावून ती मुलं काही काढताना त्या खोलीने क्वचितच पाहिली असतील. घंटा झाली तरी एक उठेना.

"सोमवारी या," बाई भाचीला म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही!" मामा कडाडले. निळे थेंब उडाले. "या गबाळ्या ठिकाणी माझी भाची शिकणार नाही! माझा निर्णय झालाय!"

भाचीचा चेहरा उतरला. ताईचा शब्द होता, मामा म्हणेल तसं. तिने मुकाट्याने पिशवी उचलली.

तेवढ्यात ती नाकवाली मुलगी आपलं चित्र घेऊन मामांपुढे उभी राहिली. "हे तुम्हाला."

मामांनी बघितलं. निळं टक्कल, नाकावर चिमटा, घमेल्याएवढं उघडं तोंड.

"आणि कान? कान कुठेत?"

"नाहीत."

"नाहीत कसे? हे काय मग?" मामांनी दोन्ही कान धरून दाखवले.

मुलीने नीट निरखून पाहिलं. "या ताई किती वेळा मामा, मामा म्हणाल्या. तुम्ही बघितलंच नाही. मला वाटलं, नसतील."

बाईंनी घाईने तोंडाला पदर लावला. मामा कान धरूनच भाचीकडे वळले.

"तू मला काही सांगत होतीस?"

"सकाळपासून."

"काय?"

"सकाळी सांगत होते, की मला इथेच शिकायचंय. आणि मघापासून सांगत होते, की ती दोरी ढिली आहे."

मामांनी कान सोडले. मग त्यांनी ओल्या हाताने फोन काढला. "ताई? हो, झालं काम. दोन्ही कोर्स पारखून घेतले. दुसराच पक्का! अगं, एका नजरेत ओळखला!"

हसू दाबायला भाचीने हातातली पिशवी तोंडासमोर धरली होती.

ते चित्र हल्ली मामांच्या दुकानात दर्शनी भिंतीवर असतं. सागवानी पट्टी, चित्राभोवती पुठ्ठ्याचं दुहेरी माउंट, कोपऱ्यात फट नाही. कुणाचं चित्र आहे, हे मामा सांगत नाहीत. परवा एक गिऱ्हाईक आत पाऊल टाकताच म्हणालं, "अरे वा, हे तर तुम्हीच!"

"तुम्ही कसं ओळखलंत?" मामा चकित झाले.

गिऱ्हाइकाने कारण सांगितलं. पण तोवर मामा त्याला सागवानी पट्टीबद्दल सांगायला लागले होते.