पाचवा शब्द

मराठीच्या सरांना कुठलीच गोष्ट थोडक्यात सांगता येत नसे. घरी पाणी हवं असलं तरी ते "जरा प्यायला पाणी मिळण्याची काही शक्यता आहे का?" असं विचारत. वाक्य संपेपर्यंत बायको तांब्या ठेवून दुसऱ्या कामाला लागलेली असे. अशा माणसाकडे शाळेच्या नव्या डिजिटल फलकांचं काम आपोआप कसं येईल? ते त्यांनी हट्टाने मागून घेतलं होतं.

त्याला कारण होतं. शाळेत उपमुख्याध्यापकाची जागा रिकामी होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता, एक हे आणि दुसरे गणिताचे सर. मुख्याध्यापिकाबाईंनी दोघांनाही काही कबूल केलं नव्हतं. फक्त मराठीच्या सरांना एवढं म्हणाल्या होत्या, "शिक्षणाधिकारी फलक बघायला येताहेत. ते नीट पार पडू दे, मग पाहू." सरांच्या बायकोने 'मग पाहू' एवढं ऐकून माहेरी कळवून टाकलं होतं, की हे उपमुख्याध्यापक झाले. त्यामुळे आता सरांना मागे फिरायला वाट उरली नव्हती.

शाळेच्या तीन इमारती, मैदान, प्रयोगशाळा आणि उपाहारगृह मिळून अकरा फलक लागले होते. सूचनावही घेऊन शिपाईमामांनी वर्गावर्गात फिरायचं, शिक्षकांनी वाचून सही करायची, हा प्रकार त्या सकाळपासून बंद झाला. मामांनी वही कपाटात ठेवली आणि जड मनाने कुलूप लावलं. संगणकाच्या मॅडम सरांना फलक कसा चालवायचा ते समजावत होत्या. लांबून दिसावं म्हणून अक्षर मोठं ठेवलंय, एका ओळीत एक शब्द, अशा चार ओळी, असं काहीसं त्या म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "सर, तेवढं छोटं लिहा." छोटं लिहा हे शब्द कानावर पडताच सरांनी पुढचं ऐकणं सोडून दिलं. बावीस वर्षं मुलांना भरदार वाक्यं लिहायला शिकवणाऱ्या माणसाला हे कोण सांगतंय, असं त्यांना वाटलं.

पहिली सूचना लगेच द्यायची होती. क्रीडास्पर्धा संपल्या की मागाहून एक दिवस सुट्टी, अशी शाळेची जुनी रीत होती. या वर्षी ती उद्या होती, पण साहेबही उद्याच येणार म्हणून बाईंनी ती रद्द केली आणि स्वतः दिवसभराच्या बैठकीला निघून गेल्या. सरांनी ऑफिसातल्या संगणकावर टंकलं: "क्रीडास्पर्धांबद्दल उद्या शाळेला सुट्टी नाही." पडद्यावर वाक्य पूर्णविरामासकट सुबक दिसत होतं. त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्याच मिनिटाला तिन्ही इमारतींतून असा जल्लोष उठला, की ऑफिसच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सर खुर्चीतच गहिवरले. सुट्टी नाही म्हटल्यावर मुलांना एवढा आनंद व्हावा! आपण उगाच आजच्या पिढीला नावं ठेवतो, असं त्यांना मनापासून वाटलं आणि ते डोळे पुसत दहावीच्या तासाला गेले. ऑफिस आणि दहावीचा वर्ग एकाच बोळात होते आणि त्या बोळातल्या भिंतीला फलकासाठी अजून नुसत्या खुंट्याच मारून झाल्या होत्या. बाहेरच्या अकरा फलकांवर पाचव्या शब्दाला जागाच नव्हती आणि तिथे काय झळकत होतं, हे सरांना कळायला मार्ग नव्हता.

मधल्या सुट्टीत उपाहारगृहाच्या काकू ऑफिसच्या दारात आल्या.

"सर, मग उद्याचं दूध सांगू नको ना?"

"तुम्ही फलक वाचलात ना?"

"वाचला म्हणूनच विचारते."

"मग त्यात लिहिलंय तसं करा. फलक कशासाठी लावलेत?"

काकूंनी मान डोलावली आणि जाऊन दूध, पाव, भाज्या सगळं बंद करून टाकलं. एका शब्दाचीही सूचना न देता व्यवस्था मार्गी लागली म्हणून सर खूष झाले.

मग बायकोचा फोन आला. मुलगी याच शाळेत सातवीत होती. "उद्या तुम्हाला सुट्टी, आणि ती मला पालकांच्या ग्रुपवरून कळावी?" बायको म्हणाली. "मी आईला सांगून टाकलंय, सकाळी सहाला निघतोय."

"सुट्टी? कसली सुट्टी?"

"आता माझ्यापासून लपवू नका. सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर आहे."

सरांनी फोन ठेवला. कोणीतरी अफवा उठवली होती. कोणी, याबद्दलही त्यांना फारशी शंका नव्हती, कारण गणिताचे सर सकाळपासून फार खुशीत दिसत होते. बाईंचा फोन बंद होता. सरांनी ताबडतोब दुसरी सूचना सोडली: "सुट्टीबाबत पसरलेली बातमी खरी नाही." काही क्षणांत पुन्हा जल्लोष झाला, पहिल्याहून मोठा. बाहेर मुलं वाचत होती, 'सुट्टीबाबत पसरलेली बातमी खरी.' ज्यांना अजून खात्री नव्हती, त्यांचीही पटली. गाडीवाल्या काकांनी आपसांत ठरवून उद्याच्या फेऱ्या रद्द केल्या.

आता मात्र सरांना तो आवाज अभ्यासाच्या ओढीचा वाटेना. अफवेने मुलं हाताबाहेर गेली आहेत, थोडा धाक दाखवायला हवा, असं त्यांनी ठरवलं. शेवटच्या तासाला तिसरी सूचना गेली: "गैरहजर राहणाऱ्यांची गय होणार नाही." या वेळी जल्लोषाच्या जोडीला बाकं वाजवल्याचाही आवाज आला.

पाच मिनिटांनी शिपाईमामा आत आले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. "सर, ती गय उद्या किती वाजता ठेवायची? म्हणजे हॉल उघडून ठेवतो."

"काय ठेवायची?"

"गय. गैरहजर राहणाऱ्यांची गय होणार, असं लिहिलंय ना."

"होणार नाही, मामा."

"नाही कसं? आत्ता नळाशेजारी वाचून आलो. चार ओळी आहेत. गैरहजर, राहणाऱ्यांची, गय, होणार. पाचवी ओळ नाही."

सर उठले ते थेट नळापर्यंत पळत गेले. फलकावर ठळक अक्षरांत त्यांचं वाक्य होतं आणि त्यातला 'नाही' तेवढा नव्हता. मग सकाळचं वाक्य आठवलं, दुपारचं आठवलं आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या साहेब येणार आणि शाळेत फक्त शिपाईमामा हजर असणार. शाळा सुटायला चार मिनिटं होती.

ते धापा टाकत संगणकासमोर बसले. सवयीने हात चालू लागले: "याद्वारे सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की" एवढ्यातच सहा शब्द झाले. ते खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. प्रत्येक वाक्य पाचव्या, सहाव्या शब्दाकडे धावत होतं. मामा मागे उभे राहून घड्याळ बघत होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "सर, उद्या शाळा आहे ना?"

"आहे."

"मग तेवढंच लिहा की."

सरांनी लिहिलं: "उद्या शाळा आहे." हे वाक्य पहिलीच्या मुलालाही आलं असतं. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. मग तिन्ही इमारतींमधून एक लांबलचक, करुण 'आऽऽऽ' ऐकू आला. एवढी मनापासूनची दाद सरांच्या कुठल्याच वाक्याला आजवर मिळाली नव्हती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरगच्च होती. गाडीवाल्या काकांना आणि सासूबाईंना सरांनी स्वतः फोन करून कळवलं होतं. काकूंच्या दुधाचं मात्र लक्षात राहिलं नाही, म्हणून साहेबांना बिनदुधाचा चहा मिळाला. तो त्यांनी तब्येतीला चांगला म्हणून आवडीने घेतला आणि फलकांचं कौतुक करून ते गेले. आदल्या दिवशीचा सगळा प्रकार बाईंना गणिताच्या सरांनी अगदी काळजीच्या सुरात, क्रमवार सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या पुढच्या फायलीकडे वळल्या आणि सरांचा आठवडा उलघालीत गेला.

सोमवारी सकाळी सर फाटकातून आत आले, तर मुलं टाळ्या वाजवत होती. फलकावर लिहिलं होतं: 'मराठीचे सर उपमुख्याध्यापक झाले.' सूचना बाईंनी थेट संगणकाच्या मॅडमना दिली होती. काकूंनी हात जोडले, गणिताच्या सरांनीही हात मिळवला. सर मात्र हसेनात. ते फलकाकडे बघून बोटांवर मोजत होते. मराठीचे, सर, उपमुख्याध्यापक, झाले. बरोबर चार.

ते तडक बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, एकच विचारतो. त्या सूचनेत पाचवा शब्द कुठला होता?"

बाई सहीचे कागद बाजूला न करता म्हणाल्या, "पाचवा शब्द नाही."

सर मटकन खुर्चीत बसले. बावीस वर्षांची नोकरी, घरी बायको, तिकडे सासूबाई, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग आतला मराठीचा मास्तर सावकाश जागा झाला. बाई कोणाही शिक्षकाला कधी एकेरीत संबोधत नसत. त्यांना तसं लिहायचंच असतं, तर 'नाही' कसं लिहिलं असतं? सरांनी कपाळावरचा घाम पुसला, खुर्चीत थोडे पुढे सरकले आणि जपून विचारलं, "बाई, म्हणजे 'नाहीत' नाही ना?"