मास्तरचा डावा हात

किसनमास्तर भाकरी खायला बसला तरी त्येचा डावा हात गप नसायचा. पुढं-मागं, पुढं-मागं, हवेतच भाता मारायचा. तीस वर्सं तमाशात पेटी वाजवलेली. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. पेटी मिटून टरकात टाकली तरी खेळ संपला हे डाव्या हाताला कुनी सांगितलंच न्हाई.

एकदा नारायणगावास्नं यष्टीत चाललो व्हतो. मास्तरचा हात शेजारच्या फेटेवाल्याच्या खांद्यावर सुरू झाला. त्यो म्हनला, "आवो राव, मी काय पंप हाय का?"

मास्तर हासला नाय. "हवा पायजे, पावणं. हवेबिगर काय वाजतंय?"

हे त्येचं पालुपद. आमटी अळणी झाली, "हवा न्हाई." फडमालकाचं भाषण ऐकलं, "नुस्ती हवा."

मी शेवंता, त्याच फडातली. आधी गवळण गायची, नाचायची. गुडघा गेला तवापासनं फडाच्या भाकऱ्या थापायला बसले. गायची तवा माझ्या दमाचं लई नाव व्हतं. माझी तान्ही पोर डिंभ्याला तापानं गेली अन् तिसऱ्या दिवशी मी बोर्डावर, म्हंजी इस्टेजवर, उभी. खेळाची सुपारी घेतली की न्हाई म्हनता येत न्हाई. त्या दिवशी वरचा सूर असा लांबला की बाया म्हनल्या, हिला काळीज हाय का दगड? मलाबी वाटलं, आपला दमच तसा. त्या दमाच्या भरवशावर पुढचं सगळं काढलं. रडले न्हाई.

मग फडात कीबोर्ड आला. लोकांना शिणेमाची गाणी पायजे व्हती, पेटीवर ती बसत न्हवती. मास्तरनं त्यो चारी बाजूंनी बघितला. "भाता कुटंय ह्येचा?"

"भाता नसतो, मास्तर. करंट असतो," मालक म्हनला.

उजवा हात तासाभरात शिकला. डावा ऐकंना. सवयीनं मागनं असा रेटा दिला की कीबोर्ड स्टँडावरनं ढोलकीवाल्याच्या मांडीवर. मालक लाल झाला. "लोणीच्या जत्रंत हजेरीला नीट वाजवलं तर फडात ऱ्हावा. न्हाईतर तळेघरला जाऊन भात लावा. मंचरचा एक वाजवणारा बोलवून ठेवलाय मी."

तळेघरला मास्तरचं कोन व्हतं? एक पडकी खोली अन् तोंड न बघणारा भाऊ. फड सुटला की मास्तर सुटला. त्या दिवसापास्नं त्यो नीट जेवला न्हाई. हात तेवढा चालू.

हजेरी म्हंजी रातीच्या तमाशानंतर सकाळी देवळाम्होरं करायचा खेळ. गाव सगळं समोर बसतं. लोणीला मी माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली अन् मास्तरचा डावा हात कमरंला बांधला. त्येनंच सांगितलं तसं. हात बांधल्या जागीबी हिसके देत व्हता, दाव्याला वासरू देतं तसा.

गाणं सुरू झालं. एका हाताचं वाजवणं, अगदीच फिकं. मागनं कुनीतरी वरडलं, "ए मास्तर, दुसरा हात सासरवाडीला ऱ्हायला का?" शिट्ट्या झाल्या. मालक टरकापाशी उभा. त्येच्या शेजारी मंचरवाला, इस्त्रीच्या शर्टात, बोटं मोडत. मास्तरच्या कानामागनं घामाची धार लागली. मी त्येच्या पाठीमागच्या पडद्याआड. त्येनं मान वळवली.

"शेवंते, सोड."

"मास्तर, कीबोर्ड पाडशीला ना वो!"

"सोड म्हनतो."

मी पडद्यातनं हात घालून गाठ वडली. हात सुटला तसा कीबोर्डाच्या डाव्या टोकाला, जाड सुरांवर पडला, अन् तिथंच भाता मारायला लागला. करंगळी, अंगठा, करंगळी, अंगठा. ढुंगडुक ढुंगडुक, भरल्या गाडीची चाकं फिरावी तसं. ढोलकीवाला आधी दचकला, मग हासला अन् त्या चालीवर चढला. वर उजवा हात मोकळा सुटला. फेटे उडाले. मंचरवाल्याचा पायबी ठेका धरून हालत व्हता, मी बघितला.

पुण्याचे एक प्रोफेसर जत्रंला आले व्हते. मास्तरचा हात धरून म्हनले, "अहो, अमेरिकेत कष्टकरी माणसं पियानोवर अगदी असंच वाजवायची. बुगी-वुगी म्हणतात त्याला. कुठं शिकलात?"

मास्तर म्हनला, "म्हंजी त्येंच्यातबी पेटीवाले व्हते तर."

पुढच्या हंगामात मालकानं जाहिरातीच्या पाटीवर 'पियानोमास्तर किसन' लिहून घेतलं. पर ते मागनं. त्या दुपारी मास्तर माझ्या चुलीपाशी आला. धुरानं मला खोकल्याची ढास लागलेली. त्येचा हात चालूच.

"आता तरी थांबवा की त्यो," मी म्हनले. "जितलासा ना?"

मास्तरनं हाताकडं बघितलं. "पेटीवाले समदेच भाता मारत्यात. सूर संपला की थांबत्यात. मी थांबायला भ्यायला लागलो ते तुझी पोर गेली तवापास्नं. त्या दिवशी बोर्डावर तुझा दम निम्म्यातच तुटला व्हता, शेवंते. तू तोंड उघडं ठिवून उभी. मी भाता दाबून सूर वडला, लोकांना वाटलं तूच. पुढंबी लई येळा तुटायचा. कवा तुटंल त्येचा नेम नसायचा. मग हात तयारच ठेवला."

मी तवा उतरवला. एवढी वर्सं मी ज्या दमावर उभी व्हते त्यो माझा न्हवताच.

"भाकरी घ्या," म्हनले. "गार हुती."

त्येनं उजव्या हातानं घेतली. डावा चालूच.