खेचरांचा तक्ता

"आपल्या घरात पुस्तकं किती असतील गं?" मेजरसाहेबांनी दारातच बूट काढता काढता विचारलं.

"का? टेबल पुन्हा हलायला लागलं का?" आतून बायकोचा आवाज आला.

प्रश्न रास्त होता. मेजरसाहेबांच्या मालकीचं असं या घरात एकच पुस्तक होतं, आणि ते कित्येक वर्षं जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली इमानेइतबारे सेवा बजावत होतं. बाकीची सगळी बायकोची. ती बालवर्गाची शिक्षिका. लहान मुलांना कसं सांभाळावं याबद्दलची तिची पुस्तकं वापरून वापरून खिळखिळी झालेली, आणि पलंगाखालच्या खोक्यात ठेवलेली.

मेजरसाहेब माणूस लाख मोलाचा. त्यांच्या तुकडीतले जवान त्यांच्यावर जीव टाकत. पण पुस्तक आणि त्यांचं कधी जमलं नाही. तोफा धडधडत असताना दोन-दोन रात्री जागलेला हा गडी प्रस्तावनेच्या दुसऱ्या पानावर घोरायला लागायचा. इतके दिवस त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

आता मात्र अडलं होतं. छावणीच्या पलीकडच्या टोकाला तरुण अधिकाऱ्यांना नेतृत्व शिकवणारी नवी शाळा सुरू होणार होती आणि तिला प्रमुख प्रशिक्षक हवा होता. नेमणूक तीन वर्षांची, मध्ये बदली नाही, आणि राहायला बंगला. बंगल्यामागे बाग. लग्न झाल्यापासून या बाईंनी इतक्या वेळा बिऱ्हाड हलवलं होतं, की काही खोकी आता त्या उघडतच नसत. प्रत्येक घरी हौसेने लिंबाचं रोप लावायचं आणि ते फळ धरायच्या आत बदलीचा हुकूम यायचा. आपल्या हातच्या झाडाचं लिंबू त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. सध्याचं रोप तर त्यांनी कुंडीतच ठेवलं होतं.

नेमणूक कर्नलसाहेबांच्या हातात होती. कर्नलसाहेब म्हणजे विद्वान माणूस, दर चार वाक्यांनंतर कुठल्या तरी ग्रंथातलं एक वाक्य. शिवाय त्यांची एक पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. मोठ्या जागेवर कुणाला नेमायचं झालं, की ते मुलाखत घेत नसत. त्याच्या घरी चहाला जात आणि पुस्तकांचं कपाट बघत.

"आणि त्यांनी आज मला विचारलं, सध्या काय वाचताय?" मेजरसाहेब खुर्चीत बसत म्हणाले.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, घरी एक छोटंसं ग्रंथालय आहे सर. नेतृत्व, युद्धशास्त्र, असंच आपलं."

"आपलं?"

"तोंडातून निघून गेलं गं. रविवारी येतायत."

बायकोने हातातली भाजी निवडायची थांबवली. "म्हणजे रविवारपर्यंत ग्रंथालय उभारायचं."

"त्यात काय? नदीवर पूल आम्ही एका रात्रीत उभारतो."

"पूल वाचावा लागत नाही," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेब जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार पुस्तकांच्या ढिगाआड चष्मा पुसत बसला होता.

"नेतृत्वावरचं काही आहे का?"

"किती पाहिजे?"

मेजरसाहेबांनी दोन्ही हात फाकवून माप दाखवलं. "एवढ्या दोन फळ्या भरतील इतकं."

दुकानदाराच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. "जाड की बारीक?"

"जाडच द्या. पण जरा वाचलेलं दिसेल असं."

"ते अवघड आहे साहेब. ही पुस्तकं जुनी असतात, वाचलेली नसतात. लोक घेऊन जातात, रविवारी कुणीतरी येऊन बघून जातं, सोमवारी परत आणून देतात. तुमच्या छावणीतच फिरत असतात सगळी."

मेजरसाहेबांनी हा विषय वाढवला नाही. रिक्षा भरून नेतृत्व घरी आलं. सेनापतींची चरित्रं होती, डोंगरी लढायांचे खंड होते, रसदपुरवठ्यावरचा एक ग्रंथ तर उशाला घ्यावा इतका होता. बायकोने एक उघडून हुंगलं, दोन पानं उलटली आणि मान हलवली.

"यांना कुणी हातही लावलेला नाही, हे आंधळ्यालाही कळेल. वाचल्याची काहीतरी खूण पाहिजे. निदान ओळी तरी अधोरेखित करा."

हे काम मेजरसाहेबांना आवडलं, कारण त्यात वाचायचं नव्हतं. पेन्सिलीला टोक काढून, पट्टी घेऊन ते बसले आणि थोड्या थोड्या पानांवर एक ओळ अशा हिशेबाने रेघा मारत सुटले. रेघा अगदी सरळ येत होत्या.

"अहो, ओळीत काय लिहिलंय ते तरी बघा."

"बघायला गेलो की झोप येते," मेजरसाहेब म्हणाले आणि पान उलटलं.

एवढं करूनही दुसरी फळी अर्धी रिकामीच राहिली. दुकानदाराचं नेतृत्व संपलं होतं. शेवटी बायकोने पलंगाखालचं खोकं ओढलं. "माझी लावा भरतीला. पण खालच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीकडे करून. आणि पुन्हा मोजून परत पाहिजेत मला."

रविवारी सकाळी कळलं, की इतक्या वजनाने कपाट एका बाजूला कललंय. मेजरसाहेबांनी कोठारावरच्या हवालदारांना बोलावलं. नोकरीत केस पांढरे झालेले हवालदार कामाला वाघ होते. हातात दिलेली वस्तू चकचकीत करून परत द्यायची, हे त्यांचं ब्रीद.

"पुस्तकं उतरवा, कपाट सरळ करा, पुस्तकं परत लावा. साहेब तपासणीला येतायत," एवढं सांगून नवराबायको बिस्किटं आणि बरे दिसणारे कप आणायला बाहेर पडले.

परत येऊन बघतात तो कपाट ताठ उभं होतं आणि त्यातली पुस्तकंही. एकूण एक पुस्तकाला कडक तपकिरी कागदाचं कव्हर. रांगा उंचीप्रमाणे, परेडला उभ्या कराव्यात तशा, उंच दोन्ही टोकांना आणि बुटकी मध्ये. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात एक नंबर.

मेजरसाहेब दाराशीच थिजले. "हवालदार, हे काय?"

"रंगीबेरंगी होती साहेब, बरी दिसत नव्हती. काही तर भिंतीकडे तोंड करून उभी होती. सगळ्यांना गणवेश चढवला."

"पण कुठलं पुस्तक कुठलं, हे कळणार कसं?"

"नंबर आहे की साहेब."

"अहो, पण कुठल्या नंबरचं कुठलं पुस्तक?"

हवालदार विचारात पडले. "ते तुम्हाला पाठ असेल ना साहेब. वाचलीयत ना तुम्ही?"

मेजरसाहेबांनी नुसतीच मान डोलावली. बायको मात्र कपाटाकडे धावली. आपली पुस्तकं निदान बाहेर काढावीत म्हणून तिने एक उघडलं, तर डोंगरी लढाया. दुसरं उघडलं, तर सेनापती. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि हवालदारांनी खाडकन सलाम ठोकला.

कर्नलसाहेब आत आले ते थेट कपाटासमोर जाऊन उभे राहिले. दोन्ही फळ्यांवरून त्यांनी नजर फिरवली.

"बऱ्याच अधिकाऱ्यांची कपाटं बघितली," ते म्हणाले, "पण ही शिस्त कुठे नाही. नाव झाकायचं, म्हणजे माणूस नावाला भुलत नाही. हेतू तोच ना?"

"तोच, सर," मेजरसाहेब म्हणाले.

कर्नलसाहेबांनी टोकाचं जाडजूड पुस्तक ओढलं. पानं भराभर उलटत ते एका ठिकाणी थांबले आणि मोठ्याने वाचू लागले. "'खेचरांच्या चाऱ्याचा तक्ता प्रकरणाच्या शेवटी दिला आहे.'" त्यांनी वर पाहिलं. "पानभर मजकूर आहे. त्यातली नेमकी हीच ओळ अधोरेखित केलीत?"

मेजरसाहेब टाचा जुळवून ताठ उभे राहिले. "सर, म्हणजे... चारा शेवटी आहे सर. म्हणून."

"शेवटी आहे," कर्नलसाहेब हळूच म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. "विजयाचं श्रेय सगळे घेतात. खेचराची आठवण प्रकरणाच्या शेवटी. फार खोल आहे हे, मेजर."

"हो सर."

पुस्तक परत रांगेत गेलं. मग कर्नलसाहेबांचा हात मधल्या बुटक्यांवरून फिरला आणि त्यांनी एक काढलं. चहाचा ट्रे घेऊन येणारी बायको दारातच थबकली. कव्हर नवं असलं तरी आतल्या फुगलेल्या, डाग पडलेल्या पानांवरून तिने आपलं पुस्तक ओळखलं होतं.

"'एका वेळी एकच सूचना द्या,'" कर्नलसाहेब वाचत होते. "'ती पुरी होऊ द्या, मग दुसरी. ऐकत नाहीत असं वाटलं, तर आधी आपण खाली बसा आणि त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडवा. दमलेल्यांना शिस्त शिकवू नका. आधी पाणी, मग झोप, मग शिस्त.'" त्यांचा आवाज बदलला. "आणि समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'आज मी चिडले. चूक माझीच. सगळे उपाशी होते, आणि मी रांग सरळ करत बसले.'"

कर्नलसाहेबांनी ओठ हलवत ती ओळ पुन्हा वाचली.

"आयुष्यात इतकं प्रामाणिक टिपण मी वाचलं नाही. कुणाचं अक्षर हे?"

'चिडले' आणि 'बसले' ही बायकी रूपं तेवढी निस्तरली असती, तर सगळं मार्गी लागत होतं. मेजरसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या पाठीमागे खिडकीत कुंडीतलं लिंबाचं रोप होतं. बंगला, बाग आणि तीन वर्षं, सगळं एका खोट्यावर आलं होतं. पण ती रोज संध्याकाळी घरी येऊन, पाय पोटाशी घेऊन, पेन्सिलीने अशी टिपणं लिहीत बसायची ते त्यांनी पाहिलं होतं. ते आपलं म्हणून सांगायला त्यांची जीभ रेटेना.

"बायकोचं आहे, सर. ती बालवर्ग शिकवते. ते पुस्तक चार वर्षांच्या मुलांबद्दल आहे."

कर्नलसाहेबांनी कव्हर काढलं. आतल्या मुखपृष्ठावर एक गुटगुटीत बाळ चमचा उगारून हसत होतं. त्यांनी बाळाकडे पाहिलं, बाळाने त्यांच्याकडे.

"आणि बाकीची पुस्तकं, सर, ती सुद्धा..."

"थांबा." कर्नलसाहेबांनी हात वर केला. "एका बैठकीत एवढं खरं पुष्कळ झालं. मला सवय नाही." त्यांनी हवालदारांना बाहेर पाठवलं, खुर्ची ओढली आणि आवाज अगदी खाली आणला. "आता माझं ऐका. मला वाचताना झोप येते."

"सर?"

"दुसऱ्या पानावर. तरुणपणापासून. म्हणून तर लोकांची कपाटं बघत फिरतो. त्यांनी वाचून अधोरेखित केलेलं असतं, मी तेवढ्या ओळी पाठ करतो. लोक मला विद्वान म्हणतात." ते बायकोकडे वळले. "बाई, आज पहिल्यांदाच दोन पानं उलटली आणि जागा राहिलो. हे पुस्तक आठवडाभर नेऊ का?"

"न्या, पण परत द्या," बायको म्हणाली. "आणि चहा आधी घ्या, गार होतोय."

नेमणुकीचा हुकूम त्याच आठवड्यात आला. बंगल्यात सामान गेलं, खोकी झाडून सगळी उघडली गेली, आणि लिंबाचं रोप कुंडीतून काढून मागच्या बागेत लावलं. आळं करताना बाईंचे हात मातीने भरले होते आणि त्या चक्क गुणगुणत होत्या.

शाळेच्या उद्घाटनाला नवराबायको पहिल्या रांगेत बसले. कर्नलसाहेब भाषणाला उभे राहिले. आधी पाणी, मग झोप, मग शिस्त, हे त्यांनी इतक्या कळकळीने सांगितलं की मागच्या रांगेतले तरुण अधिकारीसुद्धा सावरून बसले. बायकोचे डोळे भरून आले. मग कर्नलसाहेबांनी क्षणभर थांबून सभागृहावर नजर फिरवली.

"आणि एक गोष्ट जन्मभर लक्षात ठेवा," ते धीरगंभीर आवाजात म्हणाले. "खेचरांच्या चाऱ्याचा तक्ता प्रकरणाच्या शेवटी दिला आहे."

सगळ्या माना एकदम खाली गेल्या आणि लिहू लागल्या.

बायको नवऱ्याच्या कानाशी वाकली. "अहो, त्या पट्टीने मारलेल्या रेघा आहेत, हे तुम्ही त्यांना अजून सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो," मेजरसाहेब समोर बघत पुटपुटले. "पण तुझ्याच पुस्तकात म्हटलंय ना, एका वेळी एकच."