हेड, पाइपलाइन

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीने भीमाशंकरला यंदा पगारवाढ दिली नाही, पद दिले: ‘हेड, पाइपलाइन’. हाताखाली कोणीही नव्हते. त्याच्या आईने, गौरम्माने, हे पद जसेच्या तसे उदगीरच्या गुरुबसप्पा आडत्यांना कळवले आणि त्यांच्या मुलीशी आठ महिने अडलेली सोयरीक दोन दिवसांत जुळत आली.

त्या उन्हाळ्यात उदगीरला नळ दर अठराव्या दिवशी येत होता.

मुलगी बघायला भीमाशंकर दारात उतरला तेव्हा गल्लीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्याला वाटले, पायांवर पाणी घालायला आल्या असाव्यात. घागरी रिकाम्या होत्या.

“या, हेडसाहेब!” गुरुबसप्पा म्हणाले. ते नियोजित उदगीर जिल्हा समितीचे नियोजित अध्यक्ष होते. “चहाला पाणी न्हाई. आधी गल्लीची लाइन बघा. आज बारी हाय, अन् मागच्या बारीला थेंब आला न्हाई.”

“मामा, माझी पाइपलाइन पाण्याची नाही. माहितीची आहे. इकडची माहिती तिकडं जाते.”

“मंग पाणी कव्हा येणार, तेवढी माहिती इकडं सोडा की!” शेजारची शिवम्मा म्हणाली.

गुरुबसप्पांना मात्र कुतूहल वाटले. “त्यात व्हॉल असतोय?”

“तसंच काहीतरी असतं.”

“गळती?”

“होते.”

“मंग फरक काय राहिला?”

वरात कोपऱ्यावर पाणी सोडायच्या व्हॉलच्या खड्ड्याकडे निघाली. सोयरीक वाचवायची म्हणून भीमाशंकर खड्ड्याशी उकिडवा बसला आणि व्हॉलकडे गंभीरपणे बघू लागला.

“ए मडिवाळ्या,” गुरुबसप्पा ओरडले, “साहेबांना चावी दे!”

लांब चावी घेऊन आलेल्या, नगरपालिकेचे पाणी सोडणाऱ्या मडिवाळप्पाने ती दिली नाही. “सरका साहेब. तीन वेढे डावीकडं, मंग एक उलटा.”

नळ फुसफुसले, खोकले आणि वाहू लागले.

“मागच्या बारीला का आलं न्हाई मंग?” शिवम्माने विचारले.

“तापानं पडलो होतो. वेढे दुसऱ्या कुणाला म्हाईत न्हाईत.”

भीमाशंकरने न राहवून विचारले, “काका, तुमचं पद काय?”

“कागदावर? माळी.”

“बाग कुठंय?”

“व्हायची हाय. जिल्हा झाल्यावर.”

अखेर चहा झाला. भीमाशंकरने हात पुढे केला, पण पहिला कप त्याच्यासमोरून पुढे गेला. गुरुबसप्पांनी मडिवाळप्पाला गादीवर बसवले होते.

“घ्या, मडिवाळप्पासाहेब,” ते म्हणाले. “तुमच्या थोरल्याचं कुठं जमलं का हो?”