गांधीलमाश्यांनी नगारखाना घेतला त्याची बखर

श्री. ज्याने फुलास मध दिला आणि मधाच्या राखणीस नांगी दिली, त्यास नमन करून लिहावयास घेतले. शके पंधराशे एक्याण्णव, सौम्य नाम संवत्सर, वैशाख मास. एक राज्य होते, त्याचे नाव वाऱ्याने नेले. त्या राज्यास पूर्वदरवाजा, आणि दरवाजावर नगारखाना, आणि तेथे दौलू नगारची चाळीस वर्षे सेवेस. रिवाज ऐसा की राजघरचे माणूस परगावाहून आले म्हणजे पालखी पूर्वदरवाजात थांबावी आणि वर नऊ ठोके पडावे, मगच पाऊल आत. दौलूचा ठोका कधी चुकला नाही, आणि तेवढीच त्याची जहागीर.

त्या साली राजकन्या मैनाबाई, वय वर्षे आठ, आजोळाहून निघाल्याची वर्दी आली. मागल्या वर्षी बागेत त्यांस गांधीलमाशी डसली, आणि पळभरात ओठ सुजले आणि श्वास कोंडला, आणि वैद्य हाताशी होते म्हणून लेकरू राहिले. वैद्यांनी तेव्हाच बजावले होते की पुन्हा डंख जाहला तर जिवाशी गाठ. आणि नेमके पालखी यावयाच्या दिवशी सकाळी दौलू झाडलोटीस वर गेला तो नगाऱ्याभोवती गुणगुण ऐकू आली, जणू कोणी झोपेत ओवी म्हणते आहे. मग किल्लेदार हैबतराव मशाली मागवू लागले. तेव्हा लखूबाई दाई, जिने या घराण्याची आणि किल्लेदाराचीही बाळपणे पाहिली, काठी टेकीत वर आली आणि बोलली, "हैबत्या, समोर कोण ते न पाहता हत्यार उपसायला मी शिकवलं होतं का रे तुला? तुळया जळतील आणि माश्या उठतील त्या वेगळ्याच. दौलू, तू ये. दुरून बघ."

आणि दाईने दाखविले. कोनाड्यात मातीची इवली मडकी लिंपलेली, ती कुंभारीण माशी. एकटी राहते, कंबर दोऱ्याएवढी, चिमटीत धरल्यावाचून कोणास डसत नाही, तिला तिचे लिंपू द्यावे. बाहेर पिंपळाच्या फांदीस मधमाश्यांचा घोस लोंबतो, ती वाटसरू फौज. घर शोधते आहे, दगड न मारिला तर दोन दिवसांत आपण होऊन जाईल. आणि नगाऱ्यावरच्या तुळईस उलट्या छत्रीसारखे करडे, कागदी पोळे, आणि पिवळ्या माश्या पाय लोंबते ठेवून येतात जातात. "ह्या गांधीलमाश्या," दाई बोलली. "घर हादरलं की साऱ्या उठतात, आणि एकेक दहादा डसते."

दौलू मनात म्हणाला, नऊ नाही तर एक तरी ठोका घालून पाहावा. आणि दाई जिना उतरू लागताच टिपरू उचलले आणि एकच हलका ठोका घातला. तुळई थरारली, आणि चार माश्या सरळ आल्या, आणि एक भुवईवर बसून डसली. "हात झाडू नकोस! तोंड झाक आणि हळू खाली ये," दाई जिन्यातून ओरडली. दौलू उतरला. दाईने गार पाण्याची पट्टी ठेविली आणि म्हटले, "हिची नांगी आत राहत नाही. मधमाशीची राहते, ती चिमटीत धरू नये, नखाने खरवडून काढावी. आणि ओठ सुजले, दम लागला, तर घरचे उपाय सोडून वैद्याकडे धावावे. तुला दम लागतोय?"

"दम नाही लागत, दाई. लाज वाटते."

"एका ठोक्याला चार आल्या. नवाला किती येतील?"

दौलूने टिपरू दाईच्या हाती दिले. हैबतराव बोलले, "चार माश्यांपुढे राज्य वाकवायचे? नौबतीवाचून राजकन्या आत आली तर लोक काय म्हणतील?" दाई बोलली, "राज्य कशाला वाकवतोस? वाट वाकव."

इतक्यात पूर्वेच्या माळावर धूळ दिसली. मग दौलू, एक डोळा मिटलेला, भर उन्हात अनवाणी धावला आणि पालखीपुढे आडवा उभा राहिला आणि भोयांस म्हणाला, "पश्चिमेकडून चला." आणि पालखी तटाला वळसा घालून सावलीसावलीने गेली, आणि पिंपळावरचा घोस दुरून सोन्याच्या झुंबरासारखा हलत राहिला. पश्चिमदरवाजात वैद्य उभे होते, त्यांना काम पडले नाही. मैनाबाईंनी पडदा सारला. "दौलूकाका, डोळ्याला काय झालं? आणि नौबत कुठंय?"

दौलूने पालखीच्या दांडीस बोटे लाविली आणि नऊ ठोके घातले, इतके हलके की भोयांनाही ऐकू गेले नाहीत. मैनाबाईंनी लाकडास कान लावून मोजले. "नऊ," त्या म्हणाल्या, आणि मग पालखी आत गेली.

पुढे थंडी पडता पोळे ओस जाहले, आणि दाईने ते काढून मुलांस हाताळावयास दिले. तेव्हापासून त्या राज्यात ऐसा रिवाज की नौबतीआधी नगारचीने तुळई पाहावी, आणि तेथे कोणाचे घर असेल तर पालखी पश्चिमेने न्यावी आणि ठोके दांडीवर घालावे. दौलू पुढे बारा वर्षे जगला. त्याचा ठोका चुकला नाही ऐसेच लोक सांगतात. जाहले ते इतुके.